पलंगाखाली दीड तास

फोरमननी छापखान्यातले जुने चामडी हातमोजे चढवले, गुडघे टेकले आणि सोफ्याखाली हात घालून एकदम धाड टाकली. हाताला धुळीशिवाय काही लागलं नाही. मागून पोटरीला काहीतरी मऊ घासून गेलं. वळून पाहिलं तर काना, बायकोचा काळा बोका, आपण होऊन हॉलच्या कोपऱ्यातल्या पेटीकडे निघाला होता. अवघडल्यासारखा चालत होता, मध्येच पाठ वाकवून थांबत होता. पेटीच्या दारात त्याने क्षणभर नाक फिरवलं, आत शिरला, तळाशी अंथरलेल्या तिच्या जुन्या स्वेटरवर एक फेरी मारली आणि बसला.

फोरमन हातमोज्यांसकट जमिनीवरच बसून राहिले.

"अरे," ते म्हणाले, "मग मी एवढी तयारी कुणासाठी केली?"

दोन वर्षांपूर्वी याच बोक्याला लस टोचायला नेताना त्यांच्या मनगटाला तीन टाके पडले होते. तेव्हापासून दवाखान्याचं काम बायकोने स्वतःकडे घेतलं. गेल्या तीन महिन्यांपासून तर तिने ही प्लॅस्टिकची जाळीदार पेटी दार उघडं ठेवून हॉलमध्येच मांडली होती. आधी नुसतीच. मग आत स्वेटर. मग खाण्याची वाटी, रोज चार बोटं आणखी आत. मग दार एक मिनिट बंद, दोन मिनिटं, दहा मिनिटं. मग पेटी उचलून दारापर्यंत, जिन्यापर्यंत, गाडीपर्यंत. शेवटी शेवटी फोरमनना गाडी चालवायला बसवून रोज संध्याकाळी चौकापर्यंत एक फेरी. "राजेसाहेबांची पालखी निघाली!" असं ते जिन्यात भेटेल त्याला ओरडून सांगायचे. लोक हसायचे. बायको पेटीवरचा टॉवेल नीट करत पुढे व्हायची.

तीस वर्षं चाररंगी यंत्रांच्या खडखडाटात हुकूम सोडून सोडून फोरमनचा आवाज कमावला गेला होता. निवृत्त होऊन तीन वर्षं झाली तरी तो उतरला नव्हता. तुम्ही फोन कशाला घेतलात, खिडकी उघडली की काम झालं, असं शेजारी म्हणायचे आणि फोरमनना ते आवडायचं. बायको त्याच छापखान्यात मुद्रितं तपासायची. तिची काचेची बंद खोली होती, आणि काचेतूनही यांचा आवाज तिच्यापर्यंत पोचायचा. आमचं लग्न आवाजावरच जमलं, असं ते चारचौघांत सांगत. बोक्याचं नावही तिच्या धंद्यातलंच. पिल्लू होता तेव्हा शेपूट सरळ वर करून चालायचा, अक्षरापुढच्या कान्यासारखी.

दोन आठवड्यांपूर्वी ती भावाकडे गेली होती. भावजयीच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं, महिनाभर तरी राहावं लागेल म्हणाली होती. जाताना फ्रिजवर एक कागद चिकटवून गेली. त्यावर तिच्या टपोऱ्या, रेघेवर बसवलेल्या अक्षरात लिहिलं होतं, "काना मातीच्या ट्रेमध्ये जाऊन नुसता बसला आणि शू केली नाही, तर वाट पाहू नका. दवाखाना." दवाखाना या शब्दाखाली दोन रेघा होत्या.

आज सकाळपासून तो पाच वेळा जाऊन बसला होता. पाचव्यांदा तर ओरडला. त्यांनी बायकोला दोनदा फोन लावला. दोन्ही वेळा तिने उचलला नाही. या वेळेला ती भावजयीला व्यायामाला घेऊन जायची. मग त्यांनी फ्रिजवरचा कागद काढून खिशात घातला, हातमोजे कोपऱ्यात टाकले आणि पेटीचं दार लावलं.

"पेटीवर टॉवेल," पुढे लिहिलं होतं. "पेटी पुढच्या सीटच्या मागे, खाली, हलणार नाही अशी. रेडिओ नको. वळणं हळू. बोललात तर हळू."

फोरमननी आयुष्यात एवढी सावकाश गाडी चालवली नव्हती. प्रत्येक खड्ड्याआधी ते ब्रेकवर पाय ठेवत आणि आपलंच पोट आवळून घेत. मागचे हॉर्न वाजवून वाजवून थकले. एका वळणावर एक मोटारसायकलवाला खिडकीशी थांबून म्हणाला, "काका, ढकलू का?" एरवी त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता. फोरमननी तोंड उघडलं. तेवढ्यात टॉवेलखालून बारीक, लांबलेला आवाज आला, दार करकरावं तसा. त्यांनी तोंड मिटलं आणि हातानेच त्याला पुढे जा म्हणून खुणावलं.

"आलोच हं," ते मागे न बघता म्हणाले. एवढ्या हलक्या आवाजात ते शेवटचं कधी बोलले होते, त्यांना आठवेना.

दवाखान्यात मांजरांची खोली कुत्र्यांपासून वेगळी होती. भिंतीला कमरेच्या उंचीवर फळ्या होत्या, पेट्या जमिनीवर न ठेवता त्यांच्यावर ठेवायच्या. "कृपया हळू बोला. इथे सगळेच घाबरलेले आहेत," अशी पाटी होती. ती वाचून फोरमनना एरवी हसू आलं असतं. काउंटरवरच्या बाईंनी मालकाचं नाव विचारलं नाही, मांजराचंच विचारलं.

"काना," फोरमन कुजबुजले.

"अय्या, आपला काना!" बाई म्हणाल्या आणि त्यांनी कपाटातून एक जाडजूड फाइल काढली. ती एवढी जाड कशी, असा प्रश्न फोरमनच्या मनात येऊन गेला, पण तोवर डॉक्टर बाहेर आली होती.

डॉक्टर तरुण होती, मऊ चपला घालून चालायची. तिने कान्याला पेटीतून ओढून काढलं नाही. पेटीच्या कडेचे चाप काढून वरचं झाकण तेवढं उचललं आणि स्वेटरवर बसल्या जागीच त्याचं पोट चाचपलं. चाचपताना तिचा चेहरा बदलला.

"लघवी अडकलीये. मूत्राशय दगड झालंय. कधीपासून?"

"सकाळपासून... काल रात्रीपासूनही असेल. मी बघितलं नाही."

"वेळेत आणलंत. अजून अर्धा दिवस गेला असता तर विष अंगात भिनलं असतं. भूल देऊन नळी घालावी लागेल. बसा तुम्ही."

डॉक्टर आणि काउंटरवरच्या बाई, दोघींनी पेटीचा खालचा भाग तसाच उचलून आत नेला. वरचं झाकण फोरमनच्या मांडीवर राहिलं. ते मांडीवर घेऊन ते दीड तास बसले. समोरच्या फळीवर एका आजीबाईंची पांढरी मांजर टॉवेलच्या फटीतून त्यांच्याकडे पाहत होती. फोरमन तिच्याकडे पाहत होते. काल संध्याकाळी इंटरनेटच्या कंपनीवाल्याला त्यांनी फोनवर तासभर फैलावर घेतलं होतं. त्या वेळी काना कुठे होता, हे त्यांना काही केल्या आठवत नव्हतं.

डॉक्टर बाहेर आली ती हसतच.

"झालं. मोकळा झालाय. भुलीतून बाहेर येतोय हळूहळू. या ना, आत बसू."

आतल्या छोट्या खोलीत डॉक्टरने टेबलावर फाइल उघडली आणि पेनाचं टोपण काढता काढता म्हणाली,

"काका, मला वाटलं होतं काकूच येतील न्यायला. म्हणाल्या होत्या, स्वतः येईन, नाहीतर भावाला पाठवीन. बरं झालं तुम्ही आलात. पण हे असं ऐन प्रवासाच्या तोंडावर व्हायला नको होतं."

"अं?" फोरमन म्हणाले.

डॉक्टरला ते "हं" ऐकू आलं.

"दहा दिवस तरी थांबा आता. मग न्या. दोन दिवसांचा रस्ता आहे ना तुमच्या गावाला? तो करेल. काकूंनी तीन महिने एवढी मेहनत घेतलीये त्याच्यावर. इतक्या चिकाटीने पेटीची सवय लावणारं माणूस मी पाहिलं नाही. तुमच्याकडे खोली तयार झाली का?"

"खोली?"

"पूर्वेकडची. मीच त्यांना सांगितलं होतं, आधी तुम्ही जा, एक खोली लावा, तुमचे कपडे, तुमचा वास तिथे मुरू दे, मग मांजराला न्या. घर कायमचं बदलायचं म्हणजे मांजराला फार जड जातं. एकदम नेलं की बिथरतात."

टेबलावर मांजराच्या आतड्यांचा एक रंगीत नमुना होता. फोरमननी त्याच्याकडे पाहिलं. कायमचं हा शब्द त्यांनी ऐकला होता. त्याचा अर्थही त्यांना कळत होता. पण तो त्या खोलीत कुणाबद्दल बोलला गेला, ते अजून त्यांच्यापर्यंत पोचत नव्हतं. यंत्रात कागद अडकावा तसं काहीतरी आत अडकलं होतं, आणि रोलर फिरतच होते.

"काका, पाणी हवंय?"

"नको."

"आता मुख्य मुद्दा," डॉक्टर म्हणाली. "हा आजार परत परत होतो तो भीतीने. मूत्राशयात खडा नाही, जंतू नाहीत. मांजर दडपणाखाली राहिलं की मूत्राशय आतून सुजतं. म्हणून काकूंना मी एक तक्ता भरायला दिला होता. घरात काय घडलं की हा लपतो, किती वेळ लपतो. त्यांनी असा भरलाय की मी तो विद्यार्थ्यांना दाखवावा."

तिने तक्ता त्यांच्यापुढे सरकवला. चार रकाने होते. तारीख. काय घडलं. मांजर कुठे. किती वेळ.

अक्षर पाहताच फोरमननी नकळत खिशातला चष्मा काढून लावला. तीस वर्षं ते या अक्षरातल्या दुरुस्त्या वाचत आले होते. पहिल्याच ओळीत एक दुरुस्ती होती. "हे ओरडले" असं लिहून त्यावर तिने आडवी रेघ मारली होती, समासात खोडल्याची खूण केली होती आणि वर बारीक अक्षरात लिहिलं होतं, "घरात आवाज झाला." पुढे सगळीकडे तेच होतं.

नळवाला उशिरा आला. घरात आवाज झाला. कपाटावर. तीन तास.

दूध उतू गेलं. घरात आवाज झाला. वॉशिंग मशीनच्या मागे. संध्याकाळपर्यंत.

पाहुणे आले होते. सगळे हसत होते. घरात आवाज झाला. गॅलरीत, कुंडीमागे. पाहुणे जाईपर्यंत.

किल्ली सापडत नव्हती. घरात आवाज झाला, ताट पडलं. पलंगाखाली. दीड तास. मीही.

फोरमननी ती ओळ पुन्हा वाचली. छपाईची चूक असेल, एखादा शब्द दुसऱ्या ओळीतून इथे आला असेल, म्हणून वरची आणि खालची ओळ पाहिली. मग पुन्हा तीच वाचली.

तो दिवस त्यांना लख्ख आठवत होता. किल्ली नंतर त्यांच्याच शर्टाच्या खिशात सापडली होती. ताट त्यांनी काही कुणाच्या अंगावर फेकलं नव्हतं, टेबलावर आपटलं आणि ते घरंगळलं. उभ्या जन्मात त्यांनी बायकोवर हात उगारला नव्हता, हे ते कुणालाही छातीठोकपणे सांगू शकत होते. किल्ली सापडल्यावर तर त्यांना स्वतःचंच हसू आलं होतं, आणि हे सांगायला म्हणून ते घरभर तिला हाका मारत फिरले होते. स्वयंपाकघर, गॅलरी, गच्ची. हाकेला ओ नाही म्हणताना आणखी मोठ्याने. शेवटी बाजारात गेली असेल असं धरून एकटेच जेवले. बऱ्याच वेळाने ती बेडरूममधून बाहेर आली तेव्हा त्यांनी विचारलं होतं, कुठे होतीस? ती म्हणाली होती, इथेच. तिच्या केसांना धूळ लागलेली त्यांनी पाहिली होती. साफसफाई करत असेल, असं त्यांना वाटलं होतं.

"ते 'मीही' वाचून मला कसंतरीच झालं होतं," डॉक्टर हलकेच म्हणाली. "मी विचारलं त्यांना, काकू, हे काय? तर म्हणाल्या, याला सोबत म्हणून. आणि मग थोड्या वेळाने म्हणाल्या, तिथे बरं वाटलं. साठीला आलेली बाई, काका. पलंगाखाली."

फोरमननी चष्मा काढून खिशात घातला.

"हे दोन आठवडे तो काकांकडेच होता ना? त्यांच्या मिस्टरांकडे?" डॉक्टरने विचारलं. "मला काळजी वाटत होती. मी म्हटलंही त्यांना, त्याला इथे बोर्डिंगला ठेवा. नाही म्हणाल्या. म्हणाल्या, ते त्याला उपाशी ठेवणार नाहीत, आजारी पडला तर धावत आणतील. मांजरावर जीव आहे त्यांचा. फक्त त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नाही."

दारावर टकटक झाली. काउंटरवरच्या बाई एक छापील कागद घेऊन आल्या. मांजर ताब्यात मिळाल्याची सही हवी होती. फोरमननी पेन घेतलं. आणणाऱ्याचं नाव, पत्ता. ते लिहून झालं. खाली रकाना होता, मालकाशी नातं. तिथे पेन थांबलं. भाऊ असं लिहिलं असतं तर ही पोरगी पुढेही गोड बोलली असती, आणि ते सोपं होतं. त्यांनी जरा वेळ घेतला आणि प्रत्येक अक्षर सुटं काढून लिहिलं, "नवरा".

डॉक्टरने कागद उचलला, वाचला.

"काका... मला वाटलं... तुम्ही इतकं हळू बोलत होतात..."

"तिने कागदावर तसं लिहून दिलं होतं," फोरमन म्हणाले.

"मी हे बोलायला नको होतं. काकूंनी माझ्यावर विश्वास ठेवून..."

"तुमची चूक नाही." ते उठले. उठताना खुर्ची मागे सरकून जोरात वाजली आणि दोघंही दचकली. फोरमननी खुर्ची उचलून जागेवर ठेवली, आवाज न करता. "औषध किती वेळा द्यायचं तेवढं सांगा."

घरी आल्यावर त्यांनी पेटी मागच्या खोलीत नेली, तिचं दार उघडलं आणि खोलीचं दार लोटून ते बाहेर आले. टीव्ही लावला नाही. सोफ्यावर बसून त्यांनी घराकडे पाहिलं. शिवणाचं मशीन जागेवर होतं. तिची पुस्तकं होती. चपलांच्या रॅकवर मात्र दोन जोड्या कमी होत्या. कपाट उघडून पाहावं असं त्यांना वाटलं, आणि ते बसूनच राहिले.

साडेपाचला फोन वाजला.

"अहो, दोन मिसकॉल! काय झालं? काना बरा आहे ना?"

"अडकली होती लघवी. नेलं होतं. मोकळी झाली. घरी आणलाय, झोपलाय."

पलीकडे तिने श्वास सोडलेला ऐकू आला. मग ती पटापट विचारत गेली, नळी घातली का, कोणतं औषध, पाणी प्यायला का. फोरमन एकेकाचं उत्तर देत गेले.

"आणि डॉक्टर काय म्हणाल्या?"

"म्हणाल्या, दहा दिवसांनी प्रवास करता येईल. दोन दिवसांचा रस्ता आहे, पण करेल म्हणाल्या."

पलीकडे कुठेतरी नळ चालू होता. तो बंद झाला. फोन कटला की काय म्हणून फोरमननी तो कानापासून दूर करून पाहिलं. सेकंद पुढे सरकत होते.

"मी सांगणार होते," ती म्हणाली.

"हं."

"समोरासमोर नसतं जमलं. पत्र लिहीत होते. चारदा लिहिलं."

"तक्ता वाचला मी," फोरमन म्हणाले. "तू पलंगाखाली होतीस? दीड तास?"

"हो."

"मी तुला शोधत होतो गं. घरभर हाका मारत होतो."

"ऐकू येत होतं," ती म्हणाली.

फोरमननी काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी कधी हात उगारला का, हे वाक्य जिभेच्या टोकावर तयार होतं. तीस वर्षं ते तिथे तयार असायचं. ते बाहेर आलं नाही.

"कान्याला मी आणून देतो," ते शेवटी म्हणाले. "तू एवढ्या लांब येऊ नकोस न्यायला."

"तुम्ही? दोन दिवस?"

"आणतो. देतो आणि निघतो."

तिने हो म्हटलं नाही, नाहीही म्हटलं नाही. औषध खाण्यात मिसळून देऊ नका, वासाने ओळखतो, एवढं सांगून तिने फोन ठेवला.

बाराव्या दिवशी फोरमन निघाले. दर दोन तासांनी गाडी सावलीत थांबवायचे, काचा वर करायचे आणि मगच पेटीचं दार उघडून आत वाटीत पाणी ठेवायचे. मुक्कामाला एका लॉजमध्ये मांजर चालणार नाही म्हणाले तेव्हा ते भांडले नाहीत. दुसरा लॉज शोधला, मग तिसरा. दोन दिवसांत मिळून ते कान्याशी चारसहा वाक्यं बोलले असतील. बाकी वेळ ते रस्त्याकडे पाहत होते, आणि आठवत होते. आठवायला बसलं की एकेक दिवस वर येत होता. छापखान्याच्या दारात, दुकानात, जेवणाच्या टेबलावर. आजवर त्या दिवसांत त्यांना फक्त स्वतःचं म्हणणं ऐकू आलं होतं. आता त्यांना त्या त्या वेळचा तिचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा होता, आणि बऱ्याच ठिकाणी तो दिसतच नव्हता. त्यांनी तिकडे पाहिलेलंच नव्हतं.

भावाच्या घराच्या दोन पायऱ्या चढून ते दाराशी उभे राहिले. दार तिनेच उघडलं. तिने केस कापले होते. ती आधी त्यांच्याकडे पाहील की पेटीकडे, हे फोरमननी वाटभर मनाशी घोळवलं होतं. तिने पेटीकडे पाहिलं. दोन्ही हातांनी, खालून आधार देऊन, ती त्यांच्याकडून घेतली.

"या," ती म्हणाली. ते चौकटीपर्यंत गेले.

पूर्वेकडची खोली दारातून दिसत होती. खिडकीशी रुंद फळी होती, तिच्यावर घडी केलेली चादर. कोपऱ्यात टेबल, टेबलावर मुद्रितांचा गठ्ठा आणि लाल पेन. म्हणजे कामही मिळवलं होतं तिने. गादी सरळ जमिनीवर घातलेली होती. खोलीत पलंग नव्हता.

तिने पेटी जमिनीवर ठेवली, दार उघडलं आणि स्वतः बाजूला भिंतीला टेकून बसली, पेटीकडे न बघता. काना बराच वेळ बाहेर आला नाही. मग काळं नाक दिसलं, मग मिशा. तो बाहेर आला, तिच्या पावलांवरून चालत गेला आणि खिडकीच्या फळीकडे मान वर करून पाहू लागला.

फोरमन मागे वळले. पायऱ्या उतरून त्यांनी खिशात किल्ली चाचपली.

"लगेच निघताय?"

ती दारात येऊन उभी होती. एक हात चौकटीवर होता. आत बोलावत नव्हती, दारही लावत नव्हती.

"हो. म्हटलं होतं ना."

तिने रस्त्यावर उभ्या असलेल्या, बॉनेटमधून वाफ टाकणाऱ्या गाडीकडे पाहिलं. मग खालच्या पायरीकडे.

"दोन दिवस चालवून आलात," ती म्हणाली. "गाडी तरी थंड होऊ द्या."

फोरमन पायरीवर बसले. मागे दार उघडंच राहिलं.